पिकअपच्या टपावर पाच पिवळे दिवे: भोकं पाडावीत का?

केटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. गेल्या वर्षी जुना, २०१९ चा फोर्डचा एफ-२५० पिकअप घेतला. चार दारांची केबिन, फोर बाय फोर, मागे एकेरी चाकं. सुट्टीत कॅम्पर ओढायला घेतला असं घरी सांगितलंय आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. ट्रकवर मी खूश आहे, पण एक गोष्ट खटकते. मोठ्या ट्रकच्या केबिनवर, विंडशील्डच्या वर, ते पाच पिवळे दिवे असतात ना, ते माझ्या ट्रकला नाहीत. पहिल्या मालकाने घेतले नव्हते.

आता बाजारात पाच दिव्यांचं किट मिळतं. पण ते बसवायचं तर छताला भोकं पाडावी लागतात. इथल्या ट्रकवाल्यांना विचारलं तर ते "ड्रिल घे आणि पाड" म्हणतात. त्यांचं काय जातं! छत माझं. ह्यूस्टनचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माझी काळजी कळेल. दुसरा पर्याय दुतर्फी टेपने चिकटवायच्या दिव्यांचा, आणि तिसरा गप्प बसायचा. तिसऱ्याला बायकोचा पाठिंबा आहे.

कुणी हे स्वतः केलंय का? गळतं का? छताचं आतलं अस्तर पूर्ण काढावं लागतं का? वीज कुठून घ्यायची? आणि मुळात माझ्या ट्रकला हे दिवे कायद्याने चालतात का?

निवांत

खुर्ची टाकून बसलोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

खवचट_पेठकर

दिवे टपावर, तुम्ही टपाखाली. म्हणजे खर्च तुमचा आणि रोषणाई समोरून येणाऱ्याची. एवढा परोपकारी माणूस टेक्सासात सापडला याचं कौतुक वाटलं.

सर्किटराव

मी मिशिगनमध्ये वाहनांच्या दिव्यांच्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

हे दिवे शोभेसाठी आलेले नाहीत. अमेरिकेत वाहनांच्या दिव्यांचं एक केंद्रीय मानक आहे, क्रमांक १०८. ते रुंद वाहनांना १९६८ पासून लागू आहे. आरसे सोडून वाहनाची रुंदी ८० इंच किंवा जास्त असेल, म्हणजे २०३२ मिमी, तर पुढे वरच्या बाजूला पाच पिवळे दिवे आणि मागे त्याच हिशोबाने पाच लाल दिवे सक्तीचे. या पाचांची कामं दोन वेगळी आहेत. कडेचे दोन दिवे रुंदी दाखवतात, म्हणून ते जमेल तितके कडेला असतात. मधले तीन दिवे ओळखीचे. अंधारात लांबून ते तीन एका रांगेत दिसले की समोरच्याला कळतं की येतंय ते धूड आहे, मोटार नाही. या तिघांमधलं अंतरही ठरलेलं आहे: मध्यापासून मध्यापर्यंत ६ ते १२ इंच. किट बसवताना डोळ्याच्या अंदाजाने पाचही दिवे सारख्या अंतरावर लावणारे बरेच भेटतात. ते दिसायला छान दिसतं, पण त्यात मधल्या तिघांचा गट वेगळा उठून दिसत नाही.

पिकअपमध्ये मागे जोडचाकं असलेला ट्रक, ज्याला इथे डुअली म्हणतात, साधारण ९६ इंच रुंद भरतो. त्यामुळे त्याला हे दिवे कारखान्यातूनच येतात. एकेरी चाकांच्या एफ-२५० ला ते ऐच्छिक असतात. तुमच्या पहिल्या मालकाने ते पैसे वाचवले.

गंमत बघायची असेल तर फोर्डचाच एफ-१५० रॅप्टर बघा. त्याची रुंदी ८६ इंचांच्या पुढे. छतावर दिवे लावले तर त्याची ऐट बिघडली असती, म्हणून मधले तीन पिवळे दिवे फोर्डने पुढच्या जाळीतच बसवले. रॅम कंपनीने टीआरएक्स पिकअपवर ते बॉनेटवरच्या हवेच्या तोंडात घातले. लोक ते बघून साध्या एफ-१५० च्या जाळीत तसेच तीन दिवे बसवतात आणि रॅप्टरचा भास निर्माण करतात.

तुम्हाला चालतात का? चालतात. पुढे पिवळेच हवेत. काचा धुरकट काळ्या करून मिळतात त्या घेऊ नका, प्रकाश खातात. पुढच्या बाजूला लाल आणि निळा तर अजिबात नको, पोलीस थांबवतील आणि त्यांचं बरोबर असेल.

खवचट_पेठकर

म्हणजे गरज शून्य. धागा बंद करायला हरकत नाही.

केटीकर

सर्किटराव, दंडवत! अंतराचं माहीतच नव्हतं.

पण पेठकर, गरज शून्य कशी? माझा कॅम्पर आठ फूट रुंद आहे, ट्रकपेक्षा बराच जास्त. रात्री अरुंद रस्त्यावर समोरच्याला आधीच कळलं की मागे रुंद काहीतरी येतंय तर बरंच ना?

सर्किटराव

मुद्दा चांगला आहे, पण त्या रुंदीची जबाबदारी कॅम्परची. त्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यांत पिवळे दिवे असतील बघा, ट्रकच्या पार्किंग दिव्यांबरोबर लागतात. ते चालू आहेत का हे एकदा अंधारात लांब उभं राहून तपासा. ट्रकच्या टपावरचे दिवे ट्रकचीच रुंदी सांगणार. त्यावरून कॅम्परची रुंदी समोरच्याने ओळखावी अशी अपेक्षा धरू नका.

रानपाखरू

मी ओक्लाहोमात गुरांची डॉक्टर आहे. कामासाठी जोडचाकांचा जुना ट्रक चालवते, त्याला हे दिवे कारखान्यातूनच आहेत.

दोन गोष्टी सांगते. एक, गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर रात्री त्यांचा उपयोग होतो, नक्की होतो. चढ संपायच्या आधी हेडलाइट दिसत नाहीत, पण टपावरचे दिवे उंचावर असल्यामुळे क्षणभर आधी दिसतात. समोरून येणारा आपल्या लेनमध्ये ओव्हरटेकला निघालेला असेल तर तो क्षण पुरतो. समोरून येणाऱ्या ट्रकचे असे दिवे बघून मीही गाडी आवरली आहे. त्यामुळे "समोरच्याची रोषणाई" म्हणून हसू नका पेठकर, समोरून येणारा आपल्याच अंगावर येत असतो.

दुसरी गोष्ट गळण्याची. कारखान्याचे दिवेसुद्धा गळतात. दिव्याखालचं रबरी गास्केट उन्हाने कडक होतं, चिरतं. पाणी थेट डोक्यावर पडत नाही, त्यामुळे कळतच नाही. ते अस्तराच्या वरून घरंगळत विंडशील्डच्या कडेच्या खांबात उतरतं आणि पायाशी मॅट ओली होते. मला आधी वाटलं हीटर गळतोय. एका गॅरेजवाल्याने हीटरचं बिलही लावलं. शेवटी दिवे काढून नवीन गास्केटं घातली, तेव्हा थांबलं. भोकं पाडा, पण ती जन्मभर सांभाळायची आहेत एवढं लक्षात ठेवा.

उसाचा_फड

आमी कराडकडचं. अमेरिकेचं मला काय कळत न्हाई, पण टपावरच्या लायटीचा इषय निघाला म्हणून लिवतो.

आमच्याकडं बोलेरो पिकअप हाय. भावानं घेतली तवा शोरूममधनं थेट रेडियमवाल्याकडं आणि तिथनं लायटीवाल्याकडं नेली. टपावर कॅरियर, कॅरियरवर लायटी, पुढं बंपरला लायटी, आत देवाच्या फोटोला लायटी. रातच्याला गाडी आली की पोरं म्हनायची, वरात आली. पासिंगला नेली तर सायबानं एक नजर टाकली आन म्हनला, हे सगळं उतरवा आन मग या. भावानं तिथंच पाना मागितला. आता निस्तं कॅरियर हाय.

केटीकर दादा, तुमच्याकडं पासिंगला काय म्हनत न्हाईत का?

निवांत

"भावानं तिथंच पाना मागितला" =))

कलम_कसाई

फडराव, त्या साहेबांचं चुकलं नाही. आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०७ याच दिव्यांचा आहे. २.१ मीटरपेक्षा जास्त रुंद मालवाहू गाडीला पुढे वरच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरे आणि मागे वरच्या दोन कोपऱ्यांत दोन लाल दिवे हवेत. रात्री किंवा नीट दिसत नसताना गाडी रस्त्यात उभी असेल तरी ते लागलेले हवेत. मागे पूर्ण बॉडी नसेल तर मागच्या जोडीची सूट. म्हणजे अमेरिकेत पाच पिवळे, आपल्याकडे दोन पांढरे. तुमची पिकअप १.७ मीटरच्या आसपास असल्यामुळे हा नियम तिला लागूच नाही. लावलेच पाहिजेत असं नाही, आणि वाटेल ते वाटेल तसं लावता येतं असंही नाही. पुढच्या बाजूला लाल दिवा तर नियम १०८ प्रमाणे नकोच.

राहता राहिला बदलाचा मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चार दिवे म्हणजे मूळ रचनेत बदल होतो का, यावर कोर्टात छान वाद घालता येईल. पण तुमच्या भावाला तो वाद पासिंगच्या रांगेत घालावा लागला असता आणि मागे तीस गाड्या हॉर्न वाजवत असत्या.

उसाचा_फड

वकीलसाहेब, ही म्हायती चांगली दिली. पर मला एक सांगा. आमच्याकडं गाळप हंगाम सुरू झाला की दिवाळीपासनं उन्हाळ्यापतूर रात्रभर ट्रॅक्टर आन दोन-दोन ट्रॉल्या. पुढं ट्रॅक्टरला लायटींची जत्रा, टपावर दोन भोंगे, आन मागं दुसऱ्या ट्रॉलीला साधा लाल दिवा न्हाई. ऊस बाहीर लोंबतोय, त्यात रिफ्लेक्टर असला तरी झाकलेला. मोटरसायकलवाला मागनं जाऊन घुसतो. आमच्या गावातच झालंय. पुढं मिरवण्यापरीस मागं दिसायला पायजे, ह्ये कुनी बघत न्हाई.

रानपाखरू

अगदी. पेंढ्याचे गठ्ठे भरलेली ट्रेलर इथेही तशीच फिरते.

कलम_कसाई

फडराव, खरं आहे. ऊस भरल्यावरही दिसेल अशा जागी, म्हणजे ट्रॉलीच्या खालच्या आडव्या पट्टीवर, लाल परावर्तक पट्टी चिकटवायला शंभर-दोनशे रुपयेसुद्धा खूप झाले. त्याला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि पासिंगचा साहेब ती उतरवायला सांगणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काय बाप्पा, केटीवरून निघालेली गाडी कराडले पोचली. धागाकर्ते झोपले काय?

केटीकर

झोपलो नाही, वाचतोय. ट्रॉलीचं वाचून कॅम्परच्या मागचे दिवे आत्ताच जाऊन बघून आलो. चालू आहेत.

आता मूळ प्रश्न. भोकं पाडणारा कुणी आहे का मंडळात?

पानापक्कड

आहे. कॅलगरीत बॉडी शॉपमध्ये काम करतो. हे काम नेहमीचं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचा ट्रक २०१७ नंतरचा, म्हणजे बॉडी ॲल्युमिनियमची. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ जुन्या पोलादी छतांचे आहेत, ते डोळे झाकून पाळू नका. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही, पण त्यात साधा पोलादी स्क्रू घातला आणि पाणी लागलं की स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजायला लागतं. म्हणून रबरी आवरणाचे नट वापरा, ज्यांच्यात पितळी आटे असतात आणि स्क्रू आवळला की रबर खाली फुगतं. धातूला धातू लागत नाही आणि भोकही बंद होतं.

आता काम. बॅटरीची ऋण तार काढा आणि थोडा वेळ थांबा. तुमच्या ट्रकला दारांच्या वर पडद्यासारख्या एअरबॅगा आहेत, छताच्या दोन्ही कडांना आणि खांबांच्या आवरणाखाली. त्यांच्या समोरून किंवा वरून वायर न्यायची नाही. एअरबॅग उघडली तर वायर तिच्या वाटेत यायला नको. ज्याला हे कळत नाही त्याने खांबाचं आवरण काढूच नये.

अस्तर पूर्ण काढायची गरज नाही. सनव्हायजर, पुढचे हातधरे, खांबांची आवरणं, मधला कन्सोल एवढं काढलं की पुढची बाजू वीतभर खाली येते. मागची क्लिप काढू नका. अस्तर वाकवलं की त्याला पडलेली घडी जात नाही, तेव्हा दुसरा माणूस खाली धरायला पाहिजे. हात वर घालून आतली आडवी पट्टी कुठे आहे ते चाचपा. दिव्याची जागा पट्टीवर आली तर नट बसत नाही.

वरून छताला रंगाऱ्याची कागदी टेप लावा, त्यावर मध्यरेषा आखा आणि तिथून दोन्हीकडे मोजत जा. छताची कड सरळ नसते, कमानीसारखी असते, म्हणून कडेच्या दिव्यांना मागे किती सरकवायचं ते साचा ठेवून बघा. साचा ठेवून खाली उतरा, वीस पावलं लांब जा आणि बघा. मग परत चढा. छतावर नखाएवढा तिरपेपणा राहिला तरी तो रोज दिसतो.

ड्रिलच्या पात्याला, टोकापासून अर्धा इंच सोडून, टेप गुंडाळा, म्हणजे पातं आत जाऊन अस्तरात घुसणार नाही. आधी बारीक भोक, मग पायऱ्यांचं पातं. कडा घासून गुळगुळीत करा, कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि उघड्या धातूला प्रायमर लावा. हे शेवटचं दुकानदार सर्रास गाळतात.

सीलंट घेताना वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते धातूला चालत नाही. न्यूट्रल प्रकारचं घ्या किंवा ब्यूटाइलची पट्टी. गास्केट असलं तरी वायरच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारं कडं, हवाच, नाहीतर भोकाची कड वायरचं आवरण कापते.

अस्तर वर करायच्या आधी नळी घेऊन छतावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा, आणि आत टॉर्च घेऊन बसा.

निवांत

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पिकअप नाही, स्कूटर आहे. तरी साठवली.

चिकटू

एवढा व्याप कशाला? चुंबकाचे दिवे मिळतात. टेकवा, निघा, नको तेव्हा काढा.

पानापक्कड

चिकटूशेठ, छत ॲल्युमिनियमचं. चुंबक घरंगळत बॉनेटवर येईल.

चिकटू

अरेरे! बरं मग चांगल्या प्रतीची दुतर्फी टेप. गाड्यांच्या कंपन्या नावाच्या पट्ट्या टेपनेच चिकटवतात ना? माझ्या जीपवर दिवा टेपने बसवलाय, उन्हातान्हात टिकलाय. पृष्ठभाग अल्कोहोलने पुसायचा, थंडीत चिकटवायचा नाही, दाबून धरायचा आणि एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही.

पानापक्कड

टेप टिकते, मान्य. भांडण वायरचं आहे. पाच दिव्यांची वायर छतावरून कुठेतरी आत जाणारच. बरेच लोक ती दाराच्या रबराखालून घेतात. दार रोज आपटतं, रबर दबतं, तिथून पाणी आणि वारा दोन्ही आत. सौरऊर्जेचे घेतले तर वायर नको, पण ते मिणमिणतात. आणि कार वॉशच्या ब्रशांपुढे टेपवाले दिवे न्यायचे नाहीत.

केटीकर

आता वायरचं विचारतो. माझ्या छताच्या कन्सोलमध्ये सहा अपफिटर बटणं (नंतर बसवायच्या सामानासाठी दिलेली) आहेत, सगळी रिकामी. दिवे बसणार त्याच्या मागेच बटणं! तिथूनच वीज घेतली तर?

लूजकनेक्शन

सगळ्यांना तसंच वाटतं. बटणं वर असली तरी त्यांच्या जाड वायरी वर नाहीत, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारे स्विच) खाली आहेत आणि वायरीही खालच्या बाजूला निघतात. त्यामुळे खांबातून एक वायर आणावीच लागेल. तरी चांगला मार्ग आहे. फ्यूज आधीच आहे, मूळ वायरिंगला कापाकापी नाही.

विजेचा भार काहीच नाही. जुन्या १९४ नंबरच्या बल्बला साधारण ०.२७ अँपिअर लागतात, म्हणजे पाचांना १.३५. एलईडी किट बहुतेक पाव अँपिअरच्या आसपास भागतं. बारीक वायर पुरते. पण वायर बारीक म्हणून फ्यूज मोठा ठेवू नका. वायरपेक्षा फ्यूज आधी जायला हवा.

सर्किटराव

मी बटणाच्या विरोधात आहे. हे दिवे हेडलाइटबरोबर आपोआप लागायला हवेत. रानपाखरू यांनी जो उपयोग सांगितला तो दिवे लागलेले असतील तरच. बटण असलं की एखाद्या रात्री विसरायला होतं, आणि दुसऱ्या बाजूला भरदुपारी मिरवायला चालूही राहतं. पार्किंग दिव्याच्या सर्किटवरून घ्या.

लूजकनेक्शन

सर्किटराव, तुमचं तत्त्व बरोबर, पण नव्या गाड्यांत पार्किंग दिव्यांना मॉड्यूल (गाडीचा छोटा संगणक) वीज सलग देईलच असं नाही, कधी कधी तुकड्यांतुकड्यांत देतं. एलईडी त्यावर थरथरतात. थेट रिले जोडला तर तो टकटकतो. आणि मॉड्यूलवर हात मारून कुठलीतरी वायर टोचली की डॅशबोर्डवर दिव्याचा इशारा येतो तो वेगळाच.

सर्किटराव

म्हणून आधी मोजायचं. साध्या मीटरवर १२ च्या ऐवजी ८-९ व्होल्ट असं काहीतरी दिसलं तर तुकड्यांची वीज आहे असं समजा. तशी निघाली तर ट्रेलरच्या सात पिनांच्या सॉकेटमागे बघा. तिथे पार्किंग दिव्यांचा वेगळा फाटा येतो. त्या फाट्यावर पण मोजायचं, गृहीत धरायचं नाही. सलग असेल तर तिथून रिलेला इशारा द्या आणि वीज फ्यूजमार्गे बॅटरीवरून घ्या. जोड मात्र दाबून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून. वायर न कापता नुसती चिमटून जोडणारे निळे क्लिप मिळतात, ते छताच्या आत वापरू नका. परत अस्तर काढायची वेळ येते.

लूजकनेक्शन

निळ्या क्लिपांबद्दल शंभर टक्के सहमत. त्यांच्यावर बंदी आणायला पाहिजे.

खवचट_पेठकर

दोन इलेक्ट्रिकवाले एकमेकांशी सहमत झाले, हा धागा शिलालेखावर कोरा.

गॅरेजबंद

एक क्षुल्लक शंका. एफ-२५० फोर बाय फोरची उंची ८१ इंचांच्या आसपास. आपल्या इथल्या घरांच्या गॅरेजचं दार बहुतेक सात फूट, म्हणजे ८४ इंच. त्यावर दिव्यांचा इंच-दीड इंच. चाकं मोठी घातली असतील तर विषयच संपला. दार वर गेल्यावर खालची रबरी पट्टी जराशी लोंबते, तीही मोजा.

केटीकर

गॅरेजमध्ये ट्रक लांबीलाच मावत नाही, बाहेरच असतो. सोसायटीवाल्यांची म्हणजे इथल्या घरमालक संघाची चिठ्ठी मात्र येऊ शकते. "व्यावसायिक दिसणारी वाहने" नकोत असं त्यांच्या नियमात आहे. आता पाच दिव्यांमुळे ट्रक व्यावसायिक दिसतो का?

कलम_कसाई

त्यांना कंपनीच्या माहितीपत्रकातलं पान दाखवा. कारखान्यातून ऐच्छिक मिळणारी गोष्ट आहे म्हटलं की मुद्दा बराच ढिला पडतो. शिडी आणि पाइप टपावर ठेवू नका म्हणजे झालं.

वऱ्हाडी_ठेचा

आन बाप्पा, वाऱ्याचं काय? माह्या मामाच्या पिकअपले टपावर लायट होते, ऐंशीच्या वर गेली की शिटी वाजे. मामी म्हने, कुकर लावला काय रे आत?

पानापक्कड

शिटी खरी आहे. दिव्याच्या बुडाची कड छताला पूर्ण टेकली नाही की फटीतून वारा वाजतो. सपाट बुडाचे दिवे कमानी छतावर बसवले की असं होतं. म्हणून त्या मॉडेलच्या छताच्या घडणीचंच किट घ्या, सगळ्या गाड्यांना चालणारं नको. थोडे पैसे जास्त जातात.

केटीकर

मंडळी, तुमच्यामुळे ठरवता आलं. निर्णय असा: छताच्या घडणीचं किट, पिवळ्या काचा, एलईडी. वीज रिलेमार्गे, इशारा ट्रेलरच्या फाट्यावरून, पण आधी मीटर. भोकं मी पाडणार. खांबांची आवरणं आणि एअरबॅगच्या बाजूने वायर नेण्याचं काम मात्र गॅरेजमध्ये देणार, तिथे पानापक्कड यांनी घाबरवलंय ते बरं केलंत. रानपाखरू ताई, गास्केटाचा एक जादा जोड आत्ताच मागवतोय.

बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, भोकं पाडायच्या आधी पाच पिवळे कागद कापून टेपने लाव आणि आठवडाभर तसाच फिर. तरीही आवडलं तर पाड.

खवचट_पेठकर

धाग्यातला सर्वांत अक्कलवान प्रतिसाद, आणि तो सभासद नसलेल्या व्यक्तीचा.

पानापक्कड

कल्पना खरंच चांगली आहे, आम्ही गिऱ्हाइकांना हेच सांगतो. कागद मात्र दिव्याच्या मापाचेच कापा आणि कडेचे दोन छतावरून मागे सरकवूनच लावा, नाहीतर जागा चुकीची आवडून बसेल.

केटीकर

लावतो. रबरी नटाचं भोक किती मापाचं पाडायचं? किटमध्ये लिहिलेलं नाही.

पानापक्कड

नटाच्या मापाप्रमाणे बदलतं, म्हणून नट हातात आल्यावर कॅलिपरने रबराचा बाहेरचा व्यास मोजा. भोक त्याच मापाचं, बोटाने दाबल्यावर थोडा जोर लावून आत जाईल असं. आधी एखाद्या टाकाऊ पत्र्यावर पाडून बघा. ढिलं झालं तर स्क्रू आवळताना नट नुसता गरगर फिरतो.